ब्याण्णव किलोचा फोर्क

"ह्यो बी वाकला," अण्णा म्हणाले आणि तिसरी सायकल बाजूला सारली.

दुकानात ओळीनं उभ्या केलेल्या डोंगरी सायकलींपुढं ते पाय रोवून उभे होते. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, डोक्याला फेटा आणि कुस्तीत मुरगळलेले कान. हँडल दोन्ही पंज्यांत धरायचं, खांदा खाली घालायचा आणि समोरच्याची मान दाबावी तसा रेटा द्यायचा, ही त्यांची सायकल पारखायची रीत. सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं तो भाग, कण्हत कण्हत तळापर्यंत दबायचा. अण्णा सोडून द्यायचे आणि निकाल द्यायचे, "दम न्हाई."

"अण्णा, तो वाकत नाही, दबतो," शेवटी मी म्हणालो. "त्यासाठीच केलेला असतो. दगड आला की फोर्क दबून धक्का गिळतो. तो नाही दबला तर धक्का आपल्याला बसतो."

"म्हंजे मार खाणाराच घ्यायचा म्हण की."

"मार खाऊन परत उठणारा."

हे त्यांना जरा पटलं असावं. ते चौथ्या सायकलीशी भिडले. रेटा दिला. फोर्क हलला नाही. पुन्हा दिला. फोर्क जागचा ढळला नाही. अण्णांचा चेहरा उजळला.

"ह्यो! ह्यो पैलवान हाय. बांध ह्योच."

आता खरं सांगणं भाग होतं. त्या फोर्कच्या डोक्यावर एक कळ असते. डांबरी रस्त्यावर चढ चढताना सायकल झुलू नये म्हणून ती फिरवून फोर्क बंद करता येतो. सकाळी सायकली पुसताना माझ्याच हातानं ती फिरली होती. मी हळूच ती उलटी फिरवली. अण्णांचा पंजा अजून हँडलवरच होता. फोर्क सस्सदिशी खाली गेला आणि त्याच्याबरोबर अण्णाही. वर उठून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या पैलवानाच्या दुधात काहीतरी कालवलं होतं.

हे हिंदुराव चौगले. आंबवडी गावचे, पण सगळा तालुका त्यांना अण्णाच म्हणायचा. तरुणपणी जिल्ह्याच्या स्पर्धेत ब्याण्णव किलोच्या गटात त्यांनी एक कुस्ती मारली होती. तिची चांदीची गदा त्यांच्या सोप्यात होती आणि ती कुस्ती अजून गावाच्या तोंडात होती. सांगणारा दर वेळी समोरच्या पैलवानाला थोडा उंच करायचा. अण्णांचं वजन मात्र कुणी बदलत नसे. ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव.

आणि मी बलभीम आडनाईक. नाव आजोबांचं, अंगकाठी आईची. पुण्यातली चांगली नोकरी सोडून कोल्हापुरात सायकलचं दुकान काढलेला चौपन्न किलोचा माणूस. मला या गृहस्थांची मुलगी मागायची होती.

खरं तर मागून झालं होतं. देवयानी आमच्याच रस्त्यावरच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती सायकलचं पंक्चर काढायला आली आणि मग पंक्चर नसतानाही येत राहिली. तिनं घरी माझं नाव काढलं. आईला पसंत पडलं. अण्णा म्हणाले, "बघू." आता अण्णांचं 'बघू' म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. एका स्थळाच्या गावाला वारा फार सुटतो म्हणून नको. एकाचे वडील जेवताना बोलतात म्हणून नको. एक तर सगळ्यांनाच पसंत पडला होता, तेव्हा अण्णांनी त्याच्या घरच्या म्हशीत खोट काढली. देवयानी मला म्हणाली होती, "तुझ्याकडं म्हैस नाही, एवढीच आशा आहे."

आणि अशात हे एका सकाळी न सांगता दुकानात उभे. देवयानीचं नाव नाही, लग्नाचं नाव नाही. "सायकल पायजे. डोंगरातली. डागदरनं सांगितलंय." मला वाटलं, ही परीक्षा. मुलगा कसा आहे हे बघायला माणूस चहाला येतो, पोहे खायला येतो. हे पैलवान, हे फोर्क दाबायला आलेत. मी मनात म्हटलं, बलभीमा, हा पेपर नापास झालास तर दुसरी संधी नाही.

म्हणून मी त्यांना सगळं नीट समजावलं. एक फोर्क स्प्रिंगचा. स्वस्त, साधा, पण त्याची स्प्रिंग ज्या वजनाची बनवली त्याच वजनाच्या माणसाला चालते. दुसरा हवेचा. त्यात पंपानं हवा भरायची. माणूस हलका तर कमी, भारी तर जास्त. म्हणजे तो कुणालाही लावून घेता येतो. अण्णांसाठी हवेचाच हवा, हे मला ते दारातून आत येताना आडवे वळले तेव्हाच कळलं होतं.

"ह्येच्यात नुसती हवा?" अण्णा म्हणाले.

"नुसती हवा."

"आणि ती मला पेलणार?"

"बरोबर भरली तर हत्तीला पेलेल," मी म्हणालो, आणि हत्ती हा शब्द बाहेर पडल्यापडल्या जीभ चावली. अण्णा हसले नाहीत. ते फोर्ककडं बघत होते.

"बरं, मग भर."

मी पंप घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वजन किती, अण्णा?"

अण्णांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं, मग छताकडं.

"ब्याण्णव."

मी त्यांच्याकडं पाहिलं. शर्टाची बटणं जिवावर उदार होऊन एकमेकांना धरून होती.

"हल्ली केलं होतं का?"

"पैलवानाचं वजन एकच असतंय. कुस्तीच्या दिशीचं. आणि वजन सारकं इचारू ने, दृष्ट लागती."

मी ब्याण्णवची हवा भरली. पण या धंद्यात एक सोय आहे. माणसाची जीभ काहीही सांगो, फोर्क खरं सांगतो. फोर्कच्या चकचकीत दांडीवर एक रबराची बारीक रिंग असते. माणसानं सायकलवर बसायचं, पूर्ण वजन टाकायचं, आणि हलकेच उतरायचं. फोर्क जेवढा दबला तेवढी रिंग सरकलेली असते. दोन बोटं सरकली तर हवा बरोबर. जास्त सरकली तर हवा कमी.

"तुम्ही फक्त बसा," मी म्हणालो. "फोर्क दोन बोटं खाली बसला पाहिजे, बास."

अण्णा बसले. एक हात हँडलला आणि दुसरा हात भिंतीला. त्यांनी श्वास आत ओढला, पोट आत ओढलं आणि भिंतीला टेकलेल्या त्या एका पंज्यावर शरीर तोलून धरलं. दंडाची शीर फुगली. धोतरातली मांडी थरथरत होती. सायकलच्या सीटवर अण्णा पुरते टेकलेच नाहीत. पंचावन्न वर्षांचा माणूस असा अधांतरी राहू शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं.

मला म्हणायला हवं होतं, अण्णा, भिंत सोडा. मी तोंड उघडलंही. पण देवयानीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि ती म्हैस. मी तोंड मिटलं.

अण्णा उतरले, वाकून रिंग बघितली. बरोबर दोन बोटं.

"बघ," ते धापा टाकत म्हणाले. "ब्याण्णव."

त्या दिवशी दुपारी मी देवयानीला फोन केला. "तुझ्या वडिलांचं खरं वजन किती?"

"मला काय माहीत? आमच्या घरात काटा नाही. धान्य मोजायचा होता, तो अण्णांनी भावकीत देऊन टाकला. का रे?"

"काही नाही. त्यांनी सायकल घेतली."

"अण्णांनी? कशाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे."

"अण्णा डॉक्टरकडं जात नाहीत. सुईला भितात."

रविवारी अण्णांनी मला गावी बोलावलं. सायकल चालवून दाखवायला आणि जेवायला. मी फोर्कचा छोटा पंप, हत्यारं आणि दुकानातलं सगळ्यात मोठं हेल्मेट पिशवीत टाकून निघालो. आंबवडीच्या वर भैरोबाचा डोंगर आहे आणि देवळापासून खाली गावात उतरणारी दगडगोट्यांची पाऊलवाट. अण्णांना तीच उतरायची होती. मी म्हणालो, आधी शेतातल्या रस्त्यावर बघू. ते म्हणाले, "लहान गड्यासंगं मी कदी जोडी लावली न्हाई."

चढ त्यांनी सायकल खांद्यावर टाकून चढला. चढावर सायकलवर बसून पायडल मारायचं असतं, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मी मागून माझी सायकल ढकलत, धापा टाकत चाललो होतो. वर पोचल्यावर त्यांनी देवाला हात जोडले, फेटा सोडून कमरेला गुंडाळला, हेल्मेट घातलं, धोतराचा काचा मारला आणि दंड थोपटला.

"चल, बलभीमा. तू फुडं हो."

मी पुढं उतरलो. पहिलं वळण, दुसरं वळण. मागून चाकांचा खडखडाट येत होता आणि मधूनमधून फोर्क तळाला आपटल्याचा ठक्क आवाज. पुढं खडकाची एक पायरी होती, गुडघाभर. माझा फोर्क दबला, उठला, मी पार झालो. थांबून मागं वळलो, तेव्हा अण्णा पायरीवर आले होते. सायकलचं पुढचं चाक खाली गेलं. फोर्क दबला, दबला आणि तळाला जाऊन बसला. मागचं चाक वर आलं. आणि जिल्ह्याच्या ब्याण्णव किलो गटाचा विजेता हँडलवरून उडून, हवेत हात पसरून, शेजारच्या करवंदीच्या जाळीत शिरला.

"अण्णा!"

जाळीतून उत्तर नाही. मग एक हात बाहेर आला. मग हेल्मेट. मी हात धरून ओढलं, पण चौपन्न किलोच्या ओढीनं काय होणार? अण्णा आपले आपण बाहेर आले, एका दगडावर बसले आणि दंडातले काटे काढू लागले. हाडं शाबूत होती. मी समोर उभा होतो आणि माझं लग्न त्या जाळीत अडकून राहिलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

"फोर्क फसवा निगाला तुजा," ते म्हणाले.

मी हो म्हणालो असतो तर वाचलो असतो. दुसरा फोर्क देतो म्हटलं असतं, तर त्यांचीही अब्रू राहिली असती आणि माझंही स्थळ. पण ते त्याच फोर्कवर, नाहीतर त्याच्या भावावर, पुन्हा त्याच ब्याण्णव किलोच्या हवेवर बसले असते, आणि दर वेळी पायरीखाली करवंदीची जाळी असेलच असं नाही. मला खरंच भीती वाटली. लग्न मोडण्यापेक्षा जास्त.

"फोर्क फसवा नाही, अण्णा," मी म्हणालो. "त्याला ब्याण्णव सांगितलं, त्यानं ब्याण्णवला सांभाळलं असतं. वरचं त्याला कुणी सांगितलंच नाही."

अण्णांचा काटे काढणारा हात थांबला. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं उघडले तर अण्णा आजूबाजूला बघत होते. वाटेवर कुणी नव्हतं. लांब एक शेळी झुडपाला तोंड लावून उभी होती. अण्णांनी तिच्याकडंही जरा वेळ रोखून पाहिलं.

"कान हिकडं कर."

मी कान केला. ते अगदी हळू म्हणाले, "एकशे अठरा."

मग घाईनं म्हणाले, "ऊस तोलायच्या काट्यावर हुबं ऱ्हाऊन बगितलं. पहाटं. कुणी नसताना."

मी पंप काढला आणि हवा भरायला बसलो. त्या फोर्कच्या पायावर वजनाचा तक्ता चिकटवलेला असतो, या वजनाला इतकी हवा, त्या वजनाला तितकी. तो तक्ता संपून खाली जिथं नुसता काळा रंग होता, अण्णा तिथं होते. मी अंदाजानं भरत गेलो. हात भरून आले. मग तळाची कळ फिरवून फोर्कची उसळी मंद केली, म्हणजे दबल्यावर तो माणसाला भिरकावणार नाही, सावकाश वर आणेल.

"बसा."

पुढचं चाक मी दोन्ही गुडघ्यांत धरलं. डोंगरावर भिंत नव्हती. अण्णा बसले. धरायला हात इकडंतिकडं गेला, काहीच मिळालं नाही, तेव्हा दोन्ही हात हँडलवर ठेवून त्यांनी स्वतःला सोडून दिलं. सगळं. श्वाससुद्धा. पोट पुढं आलं आणि हँडलला टेकलं. ते उतरले. रिंग दोन बोटं सरकली होती. मी दोन बोटं वर करून दाखवली.

"आता त्यो मला वळकतो म्हण," अण्णा म्हणाले.

खालची वाट ते माझ्यापुढं उतरले. मला आवाज येत होता तो चाकांचा आणि अण्णांचा. फोर्क कुठं आपटत नव्हता. एका ठिकाणी त्यांनी "आर्रर्रं!" अशी आरोळी ठोकली आणि मी घाबरून ब्रेक दाबला, पण ती आनंदाची होती. मी पायथ्याला पोचलो तेव्हा ते सायकलला टेकून उभे होते, घामानं निथळत, दंडावर करवंदीचे ओरखडे, आणि चेहरा एखाद्या पोराचा.

"त्यानं मला धरलं रं," ते म्हणाले. "इतक्या वरसांनी कुणीतरी धरलं."

घरी जेवायला बसलो. आक्काताई काकींनी, म्हणजे देवयानीच्या आईंनी, माझ्या ताटात मटणाचा डोंगर केला होता आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी रिकामी होऊ देत नव्हत्या. "खा रं बाळा. हाडं दिसाय लागल्यात." अण्णांच्या ताटात दोन भाकरी आणि रस्सा. तेवढंच. मला नवल वाटलं.

"आजकाल ह्येंचं असंच," काकी म्हणाल्या. "चार भाकरींवरनं दोनीवर आल्यात. म्या म्हटलं, आता कुटं लग्नाचा ईषय निगालाय, आन तुमी वाळून चालला. भैरोबाला काय त्वांड दाखवू?"

"भैरोबाचं काय?" मी विचारलं.

"नवस हाय माजा. देवयानी कालिजात गेली तवाच बोलल्याली. पोरीचं लग्न ठरू दे, धन्याच्या वजनाइतका गूळ तुज्या पायाशी तोलीन. देवळात, साऱ्या गावासमोर. तीन मोठं रवं आणि वर दोन बारकं, सांगूनसुदिक ठेवलंय गुऱ्हाळावर." आमच्याकडं गुळाची ढेप म्हणजे रवा, मोठा असतो तीस किलोचा, बारका किलोचा. काकी अभिमानानं म्हणाल्या, "ब्याण्णव किलो बरुबर हुतंय."

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा रश्श्याच्या वाटीत बघत होते, इतकं निरखून, की जणू तळाला काहीतरी पडलंय.

सगळं एका क्षणात जुळलं. वारा सुटणारं गाव, जेवताना बोलणारे वडील, खोट असलेली म्हैस. एकाही स्थळात काही खोट नव्हती. लग्न ठरलं की तराजू, आणि तराजू म्हटला की सारा गाव. हा माणूस आपलं ब्याण्णव किलोचं नाव घेऊन इतकी वर्षं गावात फिरला होता आणि ते पारड्यात घालायची त्याला हिंमत होत नव्हती. सायकल माझी परीक्षा घ्यायला नव्हती. ती ब्याण्णववर परत जायला घेतली होती. अशानं माझं लग्न नक्की कितव्या वर्षी होईल, याचा मी मनात हिशोब केला.

पण मी गप्प बसलो. कानात सांगितलेलं कानातच राहावं. मी बोललो नाही, हे आजही मला बरं वाटतं.

बोलली ती देवयानी. ती आईशेजारी बसून मघापासून आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

"अण्णा, धान्याचा काटा का दिलात?"

"भावकीला लागत हुता."

"आणि सायकल?"

"डागदरनं..."

"कुठल्या डॉक्टरनं?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. देवयानी हळूहळू उभी राहिली. ती चिडली होती आणि तिला हसू येत होतं, आणि दोन्ही एकदम आवरताना तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे माझं लग्न एवढी वर्षं तुमच्या पोटावर अडलंय होय?"

काकींच्या हातातली पळी तशीच राहिली. "कसलं प्वाट? काय झालं?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग दंडावरच्या ओरखड्यावरून हात फिरवत म्हणाले, "ठरलं म्हण."

"काय ठरलं?"

"लगीन. ह्या काडीपैलवानासंगं. आणि देवळात बसतो म्या. होऊ दे काय व्हायचं त्ये."

तुलेच्या दिवशी भैरोबाच्या डोंगरावर अख्खं आंबवडी लोटलं. सभामंडपाच्या तुळईला जाड साखळ्यांनी मोठी दोन पारडी टांगली होती. कुठं टांगायची ते अण्णांनीच सांगितलं होतं. एक पारडं अगदी दगडी खांबाला लागून होतं. त्यातलं मर्म त्या गर्दीत फक्त मला कळलं.

अण्णा नवा फेटा बांधून त्या पारड्यात मांडी घालून बसले. हात सहज टेकावा तसा एक पंजा खांबावर. गुरवानं दुसऱ्या पारड्यात एक मोठा रवा ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा. वर काकींनी दोन बारके रवे स्वतःच्या हातांनी ठेवले. अण्णांचं पारडं हललं, सावकाश वर आलं आणि समोरच्या पारड्याला बरोबर येऊन थांबलं. काटा मधोमध. खांबावरच्या हाताची शीर फुगली होती. मांडी थरथरत होती.

"ब्याण्णव!" कुणीतरी ओरडलं. "अजून तसंच! पैलवान त्यो पैलवान!"

गुरवानं चांगभलं म्हणायला तोंड उघडलं. काकींनी पदर डोळ्यांना लावला. अण्णांची नजर गर्दीवरून फिरली, देवाकडं गेली, तिथून चटकन उडाली आणि नेमकी माझ्यावर येऊन थांबली.

मी काय करणार होतो? ओरडून सांगणार होतो? मला त्यांचा राग आला नाही, त्यांची दया आली, आणि खांब धरलेला तो हात किती दुखत असेल हेही मला जाणवलं. मी कुणाला दिसणार नाही असा हात छातीशी धरला आणि डोंगरावर दाखवली होती तशी दोन बोटं वर केली.

अण्णांनी ती पाहिली. आधी त्यांच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग ते मोठ्यांदा हसले, आणि हसतच त्यांनी खांब सोडला.

धाड! पारडं फरशीवर येऊन आदळलं. समोरचे तिन्ही रवे वर जाऊन साखळ्यांत झुलू लागले. वरचा एक बारका घरंगळून खाली पडला आणि गुरवाच्या पायापाशी फुटला.

"बगत काय बसलाईसा?" पारड्यातून अण्णा म्हणाले. "आणा की गूळ. एकशे अठराचा गडी हाय म्या."

तेवढ्यात खांबाच्या मागून एका म्हातारीचा आवाज आला. "लई ब्येस झालं बाई! ब्याण्णवात आमच्या वाटणीला काय नखाएवढा खडा आला असता."

मग मात्र देऊळ हसून पडलं. चार जण गुऱ्हाळाकडं पळाले. आणखी रवे आले, मोठे, बारके, सगळ्या आकाराचे, आणि एकेक रवा पडेल तसं गाव ओरडत होतं. अण्णा पारड्यातून वर वर येत होते, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून. काटा मधोमध आला तेव्हा जे चांगभलं झालं, ते खालच्या गावात राहिलेल्या एकदोन म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं म्हणतात. त्या वर्षी प्रत्येक घरात सणापर्यंत गूळ पुरला. ब्याण्णवची कुस्ती मागं पडली आणि एकशे अठराची तुला गावाच्या तोंडी बसली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. अण्णा अजून तो डोंगर उतरतात. काकींचा हात मटणाच्या बाबतीत आखडला नाही. फक्त अण्णांच्या ताटातल्या उरलेल्या दोन भाकऱ्या आता जावयाच्या ताटात येतात. परवा आम्हाला मुलगी झाली. दवाखान्यात काकींनी बाळाची दृष्ट काढली आणि मग सहज सांगितलं, की त्यांनी भैरोबाला आणखी एक नवस बोलला होता. नातवंड सुखरूप येऊ दे, जावयाच्या वजनाइतका गूळ तोलीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, माझी सायकल काढली आणि फोर्कमधली हवा तपासायला म्हणून तिच्यावर बसलो. डोकं वर केलं तर दारात अण्णा. त्यांनी माझ्या शर्टाच्या बटणांकडं पाहिलं, वाकून फोर्कवरची रिंग पाहिली, मग माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "भिंत सोडा."